लुटीतल्या चौदा गाड्या

७ जानेवारी १९७९, रविवार
एकतिसावी आली. इतवारीत भंगारवाल्याकडे, तुटक्या कुलपांच्या ढिगात होती. फ्रेंच, काळी, लांब नाकाची. लांबी साडेदहा से.मी. पुढचा डावा दिवा नाही, छतावर दोन टवके, चारही चाके मूळची. पोटाखाली देश आणि प्रमाण ओतलेले आहे, १/४३. फ्रान्सची सहावी, म्हणून वहीत फ-६.

बाबांनी पाहिलेच. "चोवीस वर्षाचा घोडा झाला, अन् पोट्ट्यायच्या गाड्या आणून राहिला." मी गाडी फडक्यात बांधली. मी खेळत नाही. एकतीसपैकी एकही आजवर जमिनीवर चालवलेली नाही. खेळणे वेगळे, ठेवणे वेगळे. एवढे साधे आहे आणि तेवढेच सांगता येत नाही.

आई म्हणते, पुढच्या महिन्यात भिवापूरचे लोक माझ्या लग्नासाठी घर पाहायला येणार, तोवर खाटेखालचे दोन्ही डबे माळ्यावर टाक. माळ्यावर पत्रा तापतो. रंग जाईल. डबे खाटेखालीच.

१२ जानेवारी, शुक्रवार
दिवसभर दुकानात नंबर प्लेटा रंगवल्या, नऊ झाल्या. वस्ताद गिऱ्हाइकाला सांगत होते, याचा हात कापत नाही, बाकी सगळा कापते. खरे आहे. ब्रश हातात असला तरच मी ठीक असतो. नववीत शाळा सुटली, पण पाटीवर माझी चूक आजवर कोणी काढलेली नाही. दोनदा पाहतो, मग तिसऱ्यांदा पाहतो.

वस्ताद म्हणाले, तुझ्या त्या गाड्या आण एखाद्या दुपारी, नवा रंग मारून देऊ, चकाचक. नाही म्हणालो. रंग येतो म्हणूनच मारत नाही. तिकडे कोणत्या तरी घरी, कोणाच्या तरी हातून तो टवका पडला. तो त्या गाडीचा आहे. मी कोण बुजवणारा.

प्लेट रंगवायला उकिडवे बसावे लागते, डोळे बंपरच्या उंचीला येतात. घरी टेबलावर गाल टेकून एक डोळा मिटला की फ-६ तेवढीच मोठी होते. नागपुरात ही गाडी रस्त्यावर कोणी पाहिली नसेल. मी रोज पाहतो.

१४ जानेवारी, रविवार
संक्रांत. तिळगूळ. दादा-वहिनीचा बंटी दहा महिन्यांचा, त्याची ही पहिली संक्रांत, म्हणून पुढच्या रविवारी अंगणात बोरन्हाण, आमच्याकडची लूट. वहिनीची आई काटोलहून बोरे घेऊन येणार. वहिनी म्हणाली, "भाऊजी, काकाकडून पण काही पाहिजे हं लुटीले." शिट्ट्या आणि फुगे आणतो म्हणालो.

१९ जानेवारी, शुक्रवार
पत्र्याच्या शिट्ट्या दोन डझन, फुग्यांची दोन पाकिटे. कापडी पिशवीत घालून खाटेखाली ठेवली. रविवारी एका दुकानाचे उद्घाटन आहे, त्याचा बोर्ड पुरा करायला मला जावे लागेल. वहिनीला सांगितले, माझे सामान खाटेखाली आहे, तिथून घ्या.

२१ जानेवारी, रविवार
लिहायला बसलो तीनदा, उठलो तीनदा. आता क्रमाने लिहितो.

चारच्या सुमारास बोर्ड लावून परतलो. प्रताप नगरच्या आमच्या गल्लीच्या तोंडाशी खर्रर्र असा आवाज. वाटले चाकूला धार लावणारा आला. वानखेड्यांचा पोरगा कंपाउंडच्या भिंतीवरून काहीतरी घासत पळत होता. जवळ आल्यावर दिसले. इं-७, इंग्लंडची. हिरवी, उघडी, मागे सुटे चाक असलेली.

अंगणात चादर, पाटावर बंटी काळ्या झबल्यात, हलव्याचे दागिने घालून रडत होता. डोक्यावरून बोरे, मुरमुरे, उसाचे तुकडे ओतून झाले होते. गल्लीतली सगळी पोरे लुटून उठली होती आणि त्यांच्या मुठीत, खिशात, फ्रॉकच्या ओच्यात माझ्या गाड्या होत्या.

काटोलच्या मावशींनी केले. म्हणजे वहिनीच्या आईने. वहिनीने सांगितले, भाऊजींचे सामान खाटेखाली आहे. मावशींनी खाटेखाली हात घातला तो डबा लागला. उघडून पाहिला तर छोट्या छोट्या गाड्या, एकेक फडक्यात बांधलेली. त्यांना वाटले, काकाने पुतण्यासाठी केवढे आणले आणि केवढे निगुतीने बांधले. सगळ्या बायकांना दाखवले. मग चादरीवर भोवताली पसरल्या.

मला पाहून म्हणाल्या, "काका असावा तं असा बाप्पा. लोखंडाच्या गाड्या लुटीत! आमच्या काटोलात कोणी पाह्यलं नसंन."

सगळ्या बायका माझ्याकडे पाहत होत्या. मी हसलो. हे लिहून ठेवतो. मी हसलो आणि दिलेला चहा प्यायलो.

दुसरा डबा, सतरा गाड्यांचा, आहे. हा चौदांचा होता. शिट्ट्यांची पिशवी तशीच खाटेखाली.

२२ जानेवारी, सोमवार
कामावर गेलो नाही. आईला म्हणालो, घरोघर जाऊन परत आणतो. आईने ताटातला घास खाली ठेवला. "लुटीतलं मागत नाहीत. दिलं ते गेलं. मांगितलं तं लेकरावर येते."

माहीत आहे. लहानपणापासून माहीत आहे. माझ्या हातून लुटीतला भोवरा आईने एकदा कोणाला परत देऊ दिला नव्हता.

वहिनी रडली. म्हणाली, माझ्या आईला काय माहीत. चूक तिची नाही, मावशींचीही नाही. चूक कोणाची ते शोधण्यापेक्षा यादी केलेली बरी. कोणाच्या पोराकडे काय, वहिनीला आठवले तेवढे लिहिले. चौदापैकी अकरांचा पत्ता लागला. बाबांनी यादी वाचली आणि म्हणाले, "पोलिसात देऊन ये आता."

२३ जानेवारी, मंगळवार
संध्याकाळी गल्लीच्या टोकाला मेश्रामबाईंकडे गेलो. शाळेत शिकवतात. त्यांच्या मुलीकडे दोन आहेत. दारात उभा राहून तीन वाक्ये पाठ केली होती, त्यातले एकही नीट आले नाही. लूट, चूक, गाड्या, असे काहीतरी म्हणालो.

बाईंच्या मागे भिंतीवर बुद्धाचा फोटो. म्हणाल्या, "हे लेकराबिकरावर येणं आमच्या घरी कोणी मानत नाही. वस्तू तुझी, चुकून गेली, घेऊन जा. पण पोरीनं तिच्या हातानं दिली पाहिजे, मी हिसकून देणार नाही." आणि मग, "एवढा भिऊन काहून बोलून राहिला गा? चोरी केली का तू?"

मुलगी दोन्ही घेऊन आली. इटलीच्या इ-२ च्या बॉनेटवर तिने लाल नेलपॉलिश लावले होते. पुसून देऊ का, विचारले. मी बराच वेळ पाहिले. नको म्हणालो. वहीत लिहिले: इ-२, बॉनेटवर नेलपॉलिश, मेश्राम, संक्रांत १९७९.

त्यांच्या फाटकावर नाव खडूने लिहिलेले आहे, पावसाळ्यात धुऊन जाते आणि पोस्टमन विचारत फिरतो. मी म्हणालो, पाटी करून देतो. बाई म्हणाल्या, गाड्यांच्या बदल्यात नको. मी म्हणालो, बदल्यात नाही. खरेच बदल्यात नव्हती.

२५ जानेवारी, गुरुवार
बाईंची पाटी पहाटे लावली. निळ्यावर पांढरी. दुपारपर्यंत तीन घरच्यांनी विचारले, आमची पण करशील का.

तेव्हा सुचले.

पण घरी आलो तर बंटीला ताप. आईने माझ्याकडे पाहिलेसुद्धा नाही. झबल्याच्या घड्या घालता घालता म्हणाली, "झालं समाधान?"

थर्मामीटर तीनदा लावला, तीनदा तोच आकडा. मग मीच उचलून डॉक्टरकडे नेले, दादा यायची वाट पाहिली नाही. डॉक्टरांनी हिरडीवरून बोट फिरवले आणि हसले. दात.

डॉक्टरांनी सांगितले ते ऐकले. विश्वास बसायला वेळ लागतो. उद्या कुठे जाणार नाही.

२७ जानेवारी, शनिवार
ताप उतरला. खालचा दात लागतो बोटाला. तरी मी बसून होतो. वहिनी आली, बंटीला माझ्या मांडीवर ठेवले आणि म्हणाली, "लेकरू माझं आहे ना? मग मी सांगून राहिली. जा तुम्ही. आणा." आई स्वयंपाकघरात होती. तिला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाली.

२८ जानेवारी, रविवार
अंगणात उन्हात पत्रे मांडले. वानखेडे, बोबडे, राऊत. तिघांच्या पाट्या.

आईला सांगून केले. मी परत मागत नाही. मी पाटी देतो, ते गाडी देतात. बाजारात जाऊन घ्यावी तशी घेतो. पोरांनाही फुकट सोडले नाही, प्रत्येकाच्या दप्तरावर त्याचे नाव, त्याला पाहिजे त्या रंगात. वानखेड्यांच्या पोराला नावाखाली वाघ हवा होता. वाघ काढला. बरा आला.

आई म्हणाली, "देवाले बनवून राहिला का?"

मी म्हणालो, "देवाले नाही. तुले."

असे तिला कधी बोललो नव्हतो. सहा गाड्या आल्या. इं-७ च्या डाव्या बाजूला भिंतीचा चुना, तीन लांब ओरखडे. लिहून घेतले. आठ झाल्या.

४ फेब्रुवारी, रविवार
आणखी चार. बारा झाल्या. आता गल्लीत डावीकडून पाहत गेले की सात पाट्या माझ्या हातच्या. लोक म्हणतात गल्लीला कळा आली. सातही पाट्यांखाली मला गाड्या दिसतात.

राहिल्या दोन. भु (जर्मन, भुंग्यासारखी पाठ) काटोलला गेली, मावशींच्या नातवाच्या खिशातून. आणि ज-४. चंदेरी. तिची दारे बाजूला उघडत नाहीत, पंखांसारखी वर उघडतात. त्या एका गाडीसाठी मी दोन वर्षे दर शनिवारी एका म्हातारीकडे जात होतो. तिचा नवरा रेल्वेत ड्रायव्हर होता, मुलगा विलायतेला. शेवटी तिने गाडी दिली ती माझ्या हातात ठेवली आणि मुठीवर स्वतःची मूठ दाबली. ती कोणाकडे, कोणालाच आठवत नाही.

संध्याकाळी आईला विचारले. डबा उघडला तेव्हा तू तिथेच होतीस ना? फडकी ओळखली नाहीस? माझ्या जुन्या शर्टाची फडकी होती.

आई भाजी निवडत होती. म्हणाली, "ओळखली."

"मग?"

"भिवापूरवाले येऊन राहिले. या घरात लेकरू एकच पुरे, म्हटलं."

उठून बाहेर गेलो. गल्लीत दोन फेऱ्या मारल्या. मग एक गोष्ट स्वच्छ कळली. खाटेखाली ठेवले म्हणून हे झाले. मी लपवले, म्हणून ते खेळणे ठरले. लपवलेली वस्तू कोणीही काहीही समजावी.

बैठकीत ठेवणार. दारासमोरच्या भिंतीवर. काचेत.

६ फेब्रुवारी, मंगळवार
ज-४ चा पत्ता लागला. वानखेड्यांचा पोरगा वाघावर खूष होऊन बोलला. त्याच्या हाती आली होती, पण ढोबळेकाकांनी शाईचा पेन देऊन घेतली.

ढोबळेकाका! सरकारी कचेरीत हेडक्लार्क, गल्लीच्या गणपतीचे अध्यक्ष, पन्नाशीचे. त्यांच्या दारावर पितळेची पाटी आहे. माझी पाटी त्यांना नको.

गेलो. काकू दारातच उभ्या. काका चष्मा पुशीत म्हणाले, "मी काय गाड्या खेळतो का गा? लहान समजला का मले?" काकू हसल्या. मी परत आलो. पण काकांनी चष्मा पुसला तो दोनदा. काच स्वच्छ होती.

८ फेब्रुवारी, गुरुवार
दुपारी ढो.काका दुकानाशी आले. आत आले नाहीत, रस्त्याच्या पलीकडे उभे. वस्ताद म्हणाले, तो साहेब तुलाच पाहून राहिला. गेलो. काका चहाच्या टपरीच्या मागे घेऊन गेले.

म्हणाले, "ऑफिसात आहे. खणात." चहा आला. मग एकदम सगळे. जेवणाच्या सुट्टीत बाकीचे बाहेर गेले की काढतात. दारे वर करतात, खाली करतात. आतली गादी लाल आहे, ते मी तोवर कोणाच्या तोंडून ऐकले नव्हते. माझ्याशिवाय त्या दारातून आत कोणी वाकून पाहिले होते, हेच मला नवीन. काका म्हणाले, "लहानपणी अशी काही पाह्यलीच नाही आम्ही. मले ठेवू दे गा. तुझ्याकडं तीस आहेत."

तीस आहेत म्हणून एकतिसावी कमी होत नाही, हे काकांना सांगायची गरज नव्हती. त्यांना ते कळत होते. म्हणूनच ते असे पाहत होते.

मी म्हणालो, "टेबलावर ठेवा. सगळ्यायले दिसंन अशी. मग तुमची. खणात ठेवसान तं माही आहे, आणून द्या."

"साहेब काय म्हणतीन?"

"माहा बाप काय म्हणते, ते विचारा मले एक दिवस."

चहा तसाच राहिला त्यांचा. मी एवढे कसे बोललो, कळत नाही. परत येऊन ब्रश धरला तर हात पहिल्यांदा कापत होता. वस्तादांनी पाहिले आणि प्लेट माझ्यापुढून उचलली.

१० फेब्रुवारी, शनिवार
मावशी काटोलच्या बसने आल्या. संत्र्यांची टोपली, वर भु. नातू रडला म्हणे, पण मावशींनी त्याला सांगितले, ती काकाची आहे, काका त्यांना जपते. माझ्यापुढे हात जोडायला लागल्या. मी त्यांचे हात धरले. मग त्यांना गाड्या चांगल्या वाटल्या म्हणून तासभर बसून सगळ्या तेरा पाहिल्या, फडक्यासकट. कोणत्या देशाची कोणती, विचारत होत्या. फ्रान्सच्या गाड्यांची नाके लांब काहून, हा त्यांचा प्रश्न. मला माहीत नाही. आजवर मला तो पडला कसा नाही.

११ फेब्रुवारी, रविवार
कपाट लावले. सागाची फळी सुताराकडून, काच फ्रेमवाल्याच्या दुकानातली उरलेली. चार खण. खिळे मीच ठोकले. ओळीने इंग्लंड, फ्रान्स, जर्मनी, इटली. प्रत्येकीखाली नाव, अर्ध्या इंचात, माझ्या हातचे. ज-४ ची जागा मोकळी, नाव लिहिलेले.

बाबा बाजारातून आले. चप्पल काढली नाही. "हे काढ."

नाही म्हणालो.

"भिवापूरवाले येईपर्यंत तरी."

तेव्हाच तर पाहिजे, असे म्हणालो. बाबांनी खुर्ची उचलली आणि मागच्या अंगणात नेऊन ठेवली. म्हणाले, मी इथं बसणार नाही. दादा मध्ये पडायला गेला, त्यालाही चार शब्द मिळाले. बंटी काचेवर पंजे ठेवून उभा राहायचा प्रयत्न करतो. काच रोज पुसावी लागणार.

१८ फेब्रुवारी, रविवार
भिवापूरचे आले. मुलीचे वडील (मिरचीचा व्यापार) आणि मामा. बाबा त्या दिवसापुरते आत येऊन बसले, कपाटाकडे पाठ करून. पण पाहुण्यांचे तोंड कपाटाकडे. पोहे आले तरी मामांचे लक्ष तिकडेच.

"हे काय आहे जी?"

बाबा पटकन म्हणाले, "नातवाच्या आहेत. लाडका आहे."

आई दाराआड. वहिनी तिच्या मागे, कडेवर बंटी. मला एवढे आठवते की माझ्या हातात पाण्याचा पेला होता आणि मी तो आधी खाली ठेवला, सांडू नये म्हणून.

"नाही. माह्या आहेत. सगळ्या."

मग मामा म्हणाले, "पेट्रोल किती पितेत?" आणि स्वतःच हसले. मी हसलो नाही. लुटीच्या दिवशी हसलो होतो, तेवढे पुरे. मी सांगितले, मापाने ओतलेल्या आहेत, त्रेचाळीस पट केल्या की खरी गाडी होते, ही या देशाची, ही त्या. जीभ अडली नाही. मुलीच्या वडिलांनी ऐकून घेतले. त्यांनी एकच विचारले, पुढेमागे खरी मोटार घ्यायचा विचार आहे का. नाही म्हणालो. मोटार नको आहे मला.

गेल्यावर बाबा म्हणाले, "संपलं." आणि खुर्ची परत मागे.

२४ फेब्रुवारी, शनिवार
भिवापूरहून पत्र. बाबांनी मोठ्याने वाचले. घर पसंत, मुलगा निर्व्यसनी, हातात कला आहे. फक्त बैठकीतले ते कपाट लग्नाआधी काढावे, आमच्याकडे लोक हसतील.

घरात सण असल्यासारखे झाले. आईने माझ्यासमोर दोन रिकामे डबे आणून ठेवले, पुसून. शर्टाची फडकी धुऊन, घडी करून वर. आवाज चढवला नाही. "एवढंच तं म्हणून राहिले ते," म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होते आणि ते खोटे नव्हते.

एवढेच. तेरा परत आणायला सात पाट्या लागल्या. आत ठेवायला दोन मिनिटे.

२५ फेब्रुवारी, रविवार
उत्तर मी लिहिले. बाबांनी नाही. पोस्टकार्डावर, सरळ ओळीत: "कपाट काढणार नाही. मुलीला यातले सगळे सांगा, लपवू नका. तिला हसू येत असेल तर तिने नाही म्हणावे, राग नाही. पण ते तिचे तिने, तिच्या हाताने लिहावे." तीनदा वाचले. पेटीत टाकले तेव्हा आत पडल्याचा आवाज ऐकून मगच निघालो.

घरी सांगितले. बाबा काही म्हणाले नाहीत. त्यापेक्षा म्हणायला हवे होते.

२ मार्च, शुक्रवार
कचेरीत एका साहेबाच्या नावाची पाटी द्यायची होती, मी मागून घेतली. ढो.काकांच्या टेबलाजवळून गेलो. ज-४ टेबलावर आहे. फायलींच्या ढिगावर, पेपरवेट म्हणून. शेजारचा क्लार्क म्हणाला, हेडसाहेबांनी कुठून आणला असा वजनी पेपरवेट, आम्हाला पण सांगा. काका माझ्याकडे पाहत होते.

अट ही नव्हती. अट टेबलावर ठेवायची होती, आणि टेबलावर आहे. पण पेपरवेट? दाराशी येऊन परत वळलो. काकांनी हळूच एक दार वर केले, शेजाऱ्याच्या देखत. शेजारी म्हणाला, अरे वा.

मी निघालो. ज-४ ची जागा तशीच मोकळी ठेवायची, की नावाखाली ढोबळे लिहायचे, ठरवायचे आहे.

४ मार्च, रविवार
भिवापूरचे काही नाही. आई मोजून बोलते. वहिनीने कपाटाच्या काचेखालची धूळ पुसली, मी पाहिले नाही असे समजून.

११ मार्च, रविवार
सकाळी मुलीचा भाऊ आला, पोरवयाचा नाही, कॉलेजात आहे. बसने आला आणि त्याच बसने परतायचे म्हणाला. मिरच्यांची पिशवी आईला दिली. मला चिठ्ठी. म्हणाला, "ताईनं लिहिली. बाबाले माहीत आहे. खूष नाहीत, पण माहीत आहे." मग कपाटासमोर उभा राहून म्हणाला, या तर मी समजलो त्याहून बारक्या आहेत.

चिठ्ठी पाच ओळींची. अक्षर उभे, दाबून लिहिलेले. हसू आले, असे लिहिले आहे. आधी आले, मग गेले. बाकी लग्नाबिग्नाचे काही नाही. शेवटी एक प्रश्न: "मला कोणी सांगितले की तुम्ही कोणाला हात लावू देत नाही. मला हातात घेऊन पाहता येईल का, की काचेतूनच?"

भाऊ चहा पिऊन गेला. जाताना म्हणाला, उत्तर पोस्टाने पाठवा, तिच्याच नावाने.

बाबांनी विचारले, काय लिहिले आहे. पंधरा दिवसांत पहिला शब्द. मी चिठ्ठी दिली. त्यांनी वाचली, घडी केली, परत दिली. आत आले नाहीत, पण खुर्ची दाराच्या दिशेने फिरवून बसले.

बापाला नाही म्हणालो, मामाला नाही म्हणालो, भिवापूरला लेखी नाही कळवले. हे त्याहून अवघड आहे. "नाही" लिहिले तर खरे लिहिले असे होईल, आणि संपेल. "हो" लिहायचे तर तसे वाटले पाहिजे. आज दिवसभर कपाटासमोर बसून तिचा हात आत गेला असे मनात आणून पाहिले. इं-७ ला चालले. फ-६ ला चालले. इ-२ ला तर नेलपॉलिशच आहे. भु जवळ हात गेला की माझा हात आपोआप पुढे येतो.

दुपारी कार्ड घेतले आणि लिहिले: "हातात घेता येईल. पण"

पुढे काय लिहायचे ते संध्याकाळपर्यंत सुचलेले नाही. धुतलेल्या हातांनी, एका वेळी एक, बसून, असे बरेच लिहिता येईल. सगळे खरे आहे आणि त्यातले एकही तिला लिहावेसे वाटत नाही. त्या शेवटच्या शब्दावर एक रेघ मारली की वाक्य पुरे होते. पण खोडलेले कार्ड मी आजवर कोणालाच पाठवलेले नाही.

दुसरे कोरे कार्ड घरात आहे. ते अजून काढलेले नाही.